सुपरमॅननंतरची नऊ वर्षं: ख्रिस्तोफर रीव्हचं प्रकरण

१९९५ सालच्या उत्तरार्धात न्यू जर्सीतल्या केसलर पुनर्वसन संस्थेत दाखल असलेल्या एका रुग्णापुढे साधं गणित होतं. त्याच्या आरोग्य विम्याची आयुष्यभराची कमाल मर्यादा होती १२ लाख डॉलर. व्हेंटिलेटर, चोवीस तासांच्या परिचारिका, मदतनीस, औषधं असा वर्षाचा खर्च ४ लाख डॉलरच्या घरात. म्हणजे तीन वर्षांत विमा संपणार होता आणि रुग्णाचं वय होतं ४३.

हा रुग्ण म्हणजे पडद्यावर उडणारा सुपरमॅन, ख्रिस्तोफर रीव्ह. त्याची गोष्ट सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती एका वेगळ्या प्रश्नासाठी पुन्हा तपासावीशी वाटते. प्रसिद्ध माणूस अपंग होतो आणि आपली सगळी प्रसिद्धी अपंगांच्या कामाला लावतो, तेव्हा नेमकं कुणाच्या पदरात काय पडतं? माझं मत आधीच सांगून ठेवतो. रीव्ह ज्या स्वप्नासाठी ओळखला गेला, त्यापेक्षा त्याने आणि त्याच्या पत्नीने केलेली रुक्ष, कागदपत्रांची, पै-पैच्या हिशोबाची कामं जास्त लोकांपर्यंत पोचली. पण त्या स्वप्नाला वगळून ती कामं उभी राहिली असती, असंही मला म्हणता येत नाही. प्रकरण अवघड आहे ते म्हणूनच.

अपघाताआधीचा माणूस

रीव्हचा जन्म २५ सप्टेंबर १९५२ चा, न्यूयॉर्कचा. कॉर्नेल विद्यापीठ, मग जुलियार्ड ही नाट्यशिक्षणाची नामांकित संस्था. रॉबिन विल्यम्सशी त्याची जन्माची मैत्री झाली ती तिथेच. १९७८ मध्ये 'सुपरमॅन' आला आणि सहा फूट चार इंचांचा हा नट जगभर ओळखीचा झाला. त्या भूमिकेचे आणखी तीन चित्रपट झाले. गंभीर भूमिका मिळवण्यासाठी मात्र त्याला शेवटपर्यंत धडपडावं लागलं.

या प्रकरणासाठी त्याच्या चित्रपटांपेक्षा १९८७ सालची एक गोष्ट महत्त्वाची आहे. चिलीमध्ये पिनोशेच्या हुकूमशाहीत ७७ रंगकर्मींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. लेखक आरिएल डॉर्फमन यांच्या विनंतीवरून रीव्ह सांतियागोला गेला आणि त्यांच्या बाजूने जाहीर उभा राहिला. पुढे १९८९ मध्ये 'क्रिएटिव्ह कोअलिशन' ही कलावंतांची सामाजिक संघटना स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. प्रसिद्ध चेहऱ्याला राजकीय वजन असतं आणि ते कुठे टाकायचं हे ठरवता येतं, हे त्याला अपघाताच्या आठ वर्षं आधीच ठाऊक होतं. अपघाताने त्याला कार्यकर्ता बनवलं असं सरसकट लिहिलं जातं, ते मला पटत नाही. अपघाताने त्याला विषय दिला.

२७ मे १९९५

व्हर्जिनिया राज्यातल्या कल्पेपर इथे घोडेस्वारीची स्पर्धा होती. 'ईस्टर्न एक्सप्रेस' या त्याच्या घोड्याने तिसऱ्या अडथळ्यापाशी ऐनवेळी पाय रोवले. रीव्ह पुढे फेकला गेला. हात लगामात अडकल्यामुळे टेकवता आले नाहीत आणि तो डोक्यावर आपटला. मानेचे वरचे दोन मणके मोडले. मज्जारज्जूला इतक्या वर इजा झाली की हातपाय तर लुळे पडतातच, पण श्वासपटलाला मेंदूकडून जाणारा संदेशही तुटतो. श्वास थांबला होता. वैद्यकीय मदत काही मिनिटांत पोचली म्हणून जीव वाचला. शार्लट्सव्हिलच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. जॉन जेन यांनी शस्त्रक्रिया करून त्याची कवटी पुन्हा मणक्यांना जोडली.

शुद्धीवर आल्यावर, आपल्याला जाऊ द्यावं का, असं त्याने पत्नी डेनाला विचारलं. डेनाने निर्णय त्याच्यावर सोडला, काहीही ठरवलंस तरी मी सोबत आहे असं सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "तू अजून तूच आहेस. आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे." त्याच्या १९९८ च्या आत्मचरित्राचं नाव याच वाक्यातून आलं. रॉबिन विल्यम्स रशियन डॉक्टरचं सोंग घेऊन खोलीत शिरला आणि अपघातानंतर रीव्ह पहिल्यांदा हसला, ही आठवणही त्याने स्वतःच सांगितली आहे.

मी डेनाच्या वाक्यापाशी थांबतो. मान मोडलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यांत भेटणारा जवळपास प्रत्येक जण, बोलून किंवा न बोलता, आता काय उरलं असंच सुचवत असतो. त्या क्षणी जवळचं माणूस काय म्हणतं यावर पुढचं पुष्कळ ठरतं. रीव्हकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, पण त्याला जगायचं ठरवायला लागलं ते या दोन वाक्यांच्या आधारावर.

यंत्राच्या श्वासावर बोलणं

२५ मार्च १९९६ रोजी, अपघाताला वर्षही झालेलं नसताना, तो ऑस्करच्या मंचावर व्हीलचेअरमध्ये दिसला. सभागृह उभं राहिलं. समाजातल्या कठीण विषयांवर चित्रपट काढा, एवढंच त्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं. पाच महिन्यांनी, २६ ऑगस्टला, शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तो बोलला. व्हेंटिलेटर एका खेपेला देईल तेवढ्या हवेत बसतील तेवढेच शब्द आणि मग थांबा. त्या थांब्यांमुळे ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्याची वाट पाहावी लागत होती. नटाची सगळी तालीम त्याने त्या थांब्यांत वापरली. संशोधनाला पैसा द्या, अपंग नागरिकांच्या हक्कांचा १९९० चा कायदा नीट पाळा, आणि व्हीलचेअरवरून देश चालवणाऱ्या रूझवेल्टने गरजूंना वाऱ्यावर सोडलं नाही हे विसरू नका, अशा तीन मागण्या त्या भाषणात होत्या.

पुढे बहुतेकांना त्यातली पहिलीच लक्षात राहिली.

विम्याची मर्यादा

आपल्याकडे मेडिक्लेमचं कवच दर वर्षी नव्याने मिळतं, त्यामुळे आयुष्यभराची मर्यादा ही कल्पना मराठी वाचकाला चटकन उमगत नाही. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या अनेक विम्यांवर जन्मभरासाठी एकच रक्कम ठरलेली असे, बहुधा १० लाख डॉलर. हा आकडा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला. उपचारांचा खर्च कित्येक पटींनी वाढला, आकडा तिथेच राहिला. कर्करोग, हिमोफिलिया, मज्जारज्जूची इजा, अपुऱ्या दिवसांचं बाळ अशा मोजक्या घरांनाच ही मर्यादा गाठायची वेळ येई, म्हणून कुणी फारसं बोलत नव्हतं. मर्यादा संपली की घरदार विकून, कफल्लक होऊन, सरकारच्या गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत जायचं, हाच रस्ता.

सिनेटर जेम्स जेफर्ड्स यांनी १९९६ मध्ये ही मर्यादा १ कोटी डॉलरपर्यंत वाढवण्याची दुरुस्ती मांडली. रीव्हने तिच्यासाठी सिनेटरांना गाठलं, पत्रं पाठवली. दुरुस्ती सिनेटमध्ये पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याचा मोठा कायदा झाला, पण ही तरतूद त्यात नव्हती. रीव्ह हा मुद्दा मांडत राहिला.

त्याच्या सगळ्या कामगिरीतली ही लढाई मला सर्वांत मोलाची वाटते. यात त्याने स्वतःची अडचण स्वतःपुरती सोडवली नाही. भाषणांचं मानधन, पुस्तक, दिग्दर्शन, टीव्हीवरच्या 'रिअर विंडो'मधली व्हीलचेअरवरची भूमिका (तिच्यासाठी त्याला स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला) यांतून तो आपला खर्च भागवू शकत होता. ज्याला असं मानधन मिळत नाही त्याचं काय, हा प्रश्न त्याने उचलला. मार्च २०१० मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याने आयुष्यभराची मर्यादा सरसकट रद्द केली. तोवर रीव्हला जाऊन साडेपाच वर्षं झाली होती. त्याचं श्रेय एकट्या रीव्हला देता येणार नाही. रुग्णसंघटनांनी दोन दशकं हा प्रश्न धरून ठेवला होता. पण ही मर्यादा अनेक सामान्य अमेरिकन माणसांपर्यंत पोचली ती 'सुपरमॅनचासुद्धा विमा संपतो' या बातमीतून.

चालण्याचं स्वप्न

न्यू जर्सीमध्ये १९८२ पासून मज्जारज्जूच्या संशोधनासाठी पैसे उभारणारी 'अमेरिकन पॅरालिसिस असोसिएशन' ही संघटना होती. रीव्ह तिच्याशी जोडला गेला आणि १९९९ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं. त्याचं सूत्र सरळ होतं. मज्जारज्जू पुन्हा जोडला जाऊ शकत नाही ही समजूत शास्त्रज्ञ मोडत आहेत, तर पैसा अडू नये. वयाच्या पन्नाशीपर्यंत मी उभा राहीन, असं त्याने जाहीरपणे म्हटलं. सिनेटच्या समितीसमोर मूलपेशींच्या (ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात) संशोधनाच्या बाजूने साक्ष दिली. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भ्रूणातल्या मूलपेशींच्या संशोधनाला केंद्राचा पैसा फक्त आधीपासून असलेल्या पेशीसमूहांपुरता मर्यादित केला, तेव्हा त्या निर्णयाचा तो सर्वांत ओळखीचा विरोधक होता. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००४ मध्ये या संशोधनाला ३ अब्ज डॉलर मंजूर केले. त्याच्या बाजूने रीव्हने चित्रित करून ठेवलेलं आवाहन त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी पाहिलं.

आणि मग ती जाहिरात. जानेवारी २००० मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यादरम्यान न्यूव्हीन या गुंतवणूक कंपनीने एक दृश्य दाखवलं. भविष्यातला एक समारंभ, आणि त्यात संगणकाच्या करामतीने खुर्चीतून उठून चालत येणारा रीव्ह. तो खरंच बरा झाला असं काही प्रेक्षकांना वाटलं. ज्यांच्या घरात नुकताच कुणी असा जायबंदी झाला होता, त्यांच्यासाठी ते दृश्य काय असेल याची कल्पना करवत नाही. उमेद देण्याच्या हेतूनेच त्याने ते केलं, याबद्दल मला शंका नाही. तरीही ती चूक होती असंच माझं ठाम मत आहे.

ज्यांनी विरोध केला

सर्वांत धारदार टीका चार्ल्स क्राउथॅमर या स्तंभलेखकाने केली. हार्वर्डमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत असताना पोहण्याच्या तलावात झालेल्या अपघातापासून तो स्वतः व्हीलचेअरवर होता. त्याचं म्हणणं असं की नुकत्याच जायबंदी झालेल्या मुलाला उपचार हाताशी आलाय असं सांगितलं, तर तो शिक्षण, नोकरी, व्हीलचेअरवरचं आयुष्य यांची तयारी पुढे ढकलतो, आणि ती वाया गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

अपंग हक्क चळवळीतल्यांचा आक्षेप याहून खोल होता. तो समजण्यासाठी एड रॉबर्ट्सकडे जावं लागतं. पोलिओमुळे मानेखाली लुळा पडलेला, रात्री लोखंडी फुप्फुसात (श्वास चालवणाऱ्या पेटीसारख्या यंत्रात) झोपणारा हा तरुण १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला, सोबत्यांसह त्याने तिथे 'स्वतंत्र जगण्याचं केंद्र' उभारलं, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलकांनी तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. मार्च १९९० मध्ये आंदोलकांनी चाकाच्या खुर्च्या खाली सोडून संसद भवनाच्या पायऱ्या हातांनी सरपटत चढल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये हक्कांचा कायदा झाला. आमच्या शरीरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, दुरुस्त करायच्या आहेत त्या पायऱ्या, शाळा, बस आणि नोकरीचे नियम, ही या चळवळीची भूमिका. एड रॉबर्ट्स १४ मार्च १९९५ ला गेला, रीव्हच्या अपघाताआधी जेमतेम अडीच महिने. दोघांनाही श्वास यंत्रच देत होतं. एकाने तीस वर्षं त्या यंत्रासकट जगण्याचा हक्क मागितला, दुसऱ्याने यंत्रापासून सुटका. आणि अमेरिकेतल्या घराघरांत नाव पोचलं ते दुसऱ्याचं.

या चळवळीतल्या माणसांचं दुखणं मला कळतं. तीस वर्षं रस्त्यावर उतरलेल्यांना जे व्यासपीठ मिळालं नाही, ते एका नटाला एका वर्षात मिळालं, आणि त्याने तिथून 'मला यातून बाहेर पडायचं आहे' असं सांगितलं. प्रेक्षकांना तेच ऐकायचं होतं. उतार बांधायचा तर नगरपालिकेला पैसे घालावे लागतात. चमत्काराची वाट पाहायला कुणालाच काही करावं लागत नाही.

जून १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात निकाल दिला की अपंग माणसाला घरी राहणं शक्य असताना विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. घरी मदतनीस मिळण्याचा हक्क ही चळवळीची तेव्हाची सर्वांत मोठी मागणी. रीव्हचं सगळं आयुष्य मदतनिसांच्या बळावर चाललं होतं. तरी त्याचं नाव ज्या मागण्यांशी जोडलं गेलं, त्यांत ही नाही. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खटकणारी उणीव हीच.

पण टीकाकारांनी त्याच्या इच्छेलाच फितुरी ठरवलं, तिथे मी त्यांच्या बरोबर नाही. व्हेंटिलेटरची नळी सुटली तर काही मिनिटांत मरण, मूत्राशय भरल्याचं न कळल्याने रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढणं, खोकताही न येणं, हे पायऱ्या काढून टाकल्याने जात नाही. त्यातून सुटका मागायचा अधिकार माणसाला असलाच पाहिजे.

हललेलं बोट

२००० च्या अखेरीस रीव्हच्या डाव्या हाताची तर्जनी त्याने ठरवल्यावर हलली. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. जॉन मॅकडोनाल्ड त्याच्याकडून विजेच्या उद्दीपनाने चालणाऱ्या सायकलीवर आणि पाण्यात कसून व्यायाम करून घेत होते. २००२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात मांडले. इजेनंतर दोन वर्षांनी सुधारणा होत नाही, ही वैद्यकातली पक्की समजूत होती. इथे पाच वर्षांनी, तेही सर्वांत गंभीर श्रेणीतल्या रुग्णात, स्पर्शाची जाणीव शरीराच्या मोठ्या भागावर परतली होती आणि काही सांधे हलत होते. फेब्रुवारी २००३ मध्ये क्लीव्हलँडला श्वासपटलात विद्युत्‌अग्रं (इलेक्ट्रोड) बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो काही काळ व्हेंटिलेटरशिवाय राहू लागला, आणि हवा पुन्हा नाकातून गेल्यामुळे त्याला वास येऊ लागला.

सप्टेंबर २००२ मध्ये पन्नाशी आली. तो चालला नाही. वर्तमानपत्रांनी तेच मोजलं. पण अनेक वर्षांनी वास येणं, मुलाने हात धरल्याचं कळणं, यंत्राचा आवाज बंद असताना तासभर बसणं, यांची किंमत चालण्याच्या फुटपट्टीने कशी काढणार?

याच काळात किम अँडरसन या संशोधिका, ज्या स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगतात, एक साधा प्रश्न घेऊन अशा ६८१ लोकांपर्यंत गेल्या. कोणती क्षमता परत मिळाली तर तुमचं जगणं सर्वांत जास्त सुधारेल? निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. हात आणि पाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हातांची हालचाल पहिली मागितली. फक्त पाय गेलेल्यांच्या यादीत लैंगिक क्षमता सर्वांत वर होती. मूत्राशय आणि आतड्यांवरचा ताबा, धडाचा तोल हेही दोन्ही गटांत महत्त्वाचं ठरलं. चालण्याला पहिली पसंती देणारे थोडे. जाहिरातीतल्या त्या दृश्याला यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. ते ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं त्यांनीच दिलं होतं.

डेनाचं काम

डेना स्वतः गायिका आणि अभिनेत्री होती. संशोधनाच्या निधीबरोबरच आज जगणाऱ्यांसाठी पैसा हवा, हा आग्रह तिचा. १९९९ पासून रीव्हच्या नावाच्या संस्थेने 'जगण्याचा दर्जा' या नावाने अनुदानं सुरू केली. गावातल्या छोट्या संस्थांना उतार, खेळाचं साहित्य, सगळ्या मुलांना वापरता येईल असं मैदान, काळजी घेणाऱ्यांना चार दिवसांची उसंत, अशा कामांसाठी ही मदत. मे २००२ मध्ये न्यू जर्सीतल्या शॉर्ट हिल्स इथे केंद्र सरकारच्या निधीतून पक्षाघाताचं माहिती केंद्र उघडलं. अपघातानंतर गोंधळलेल्या घराने फोन करावा आणि समोरच्या जाणकाराने विमा, व्हीलचेअर, घरातले बदल, मूत्रनलिका यांबद्दल नीट सांगावं, असं त्याचं स्वरूप.

अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरी सांभाळलं आहे, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलण्याचा अर्थ ठाऊक असतो. इतके मदतनीस असूनही रीव्हला बेडसोअर (सतत दाब पडून होणारी जखम) झाला, त्यात जंतुसंसर्ग झाला, उपचार चालू असताना हृदय बंद पडलं, आणि १० ऑक्टोबर २००४ ला तो गेला. वय ५२. मज्जारज्जूच्या इजेने जगणाऱ्या कुठल्याही अनाम माणसाला नेतो तसाच मृत्यू. डेनाने संस्थेची धुरा घेतली. ६ मार्च २००६ ला, कधीही धूम्रपान न केलेली डेना फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. वय ४४. धाकटा मुलगा विल तेव्हा तेरा वर्षांचा होता; आज रीव्हची तिन्ही मुलं संस्थेच्या कामात आहेत.

मार्च २००९ मध्ये दोघांच्या नावाचा पक्षाघातविषयक कायदा ओबामांच्या सहीने लागू झाला. त्यात तीन भाग आहेत: मज्जारज्जूचं संशोधन, पुनर्वसन, आणि जगण्याचा दर्जा. रीव्हची टोकाची मागणी आणि डेनाची रोजच्या जगण्याची मागणी एकाच कागदावर आली. संशोधनाची दिशाही तिथेच वळलेली दिसते. २०११ मध्ये लुइव्हिल विद्यापीठातल्या पथकाने, संस्थेच्या अर्थसाहाय्याने, पाठीच्या खालच्या भागात मज्जारज्जूवर विद्युत्‌अग्रं बसवलेल्या एका तरुणाचा अहवाल प्रसिद्ध केला. तो आधाराने उभा राहू शकला याची बातमी जगभर झाली. त्याच अहवालात त्याचा मूत्राशयावरचा ताबा, लैंगिक क्षमता आणि शरीराच्या तापमानाचं नियमन सुधारल्याचीही नोंद आहे. लुइव्हिलच्या पुढच्या अभ्यासांत रक्तदाब स्थिर ठेवणं हा उभं राहण्याइतकाच महत्त्वाचा विषय झाला.